रोझेनवाल्डच्या शाळा: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: सुप्रभात मंडळी. ज्युलियस रोझेनवाल्डचा जन्म १८६२ सालचा, आजच्याच तारखेचा, १२ ऑगस्टचा. गाव अमेरिकेतलं स्प्रिंगफिल्ड, इलिनॉय. जर्मनीहून आलेल्या ज्यू कापडवाल्याचा मुलगा. शाळा अर्धवट सोडून धंद्यात पडला आणि पुढे टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या मदतीने दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. फॉरवर्ड नाही हं, स्वतः वाचून लिहितोय.

ए-१०२: बाप रे, काका! एकट्याने एवढ्या?

बी-३०४: एकट्याने नाही, तेच तर सांगायचंय. १९१२ मध्ये पन्नाशी झाली तेव्हा त्याने कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या अलाबामातल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेला २५,००० डॉलर दिले. त्यातल्या थोड्या पैशातून अलाबामात सहा लहान शाळा बांधू का, असं वॉशिंग्टननी विचारलं. तिथून सुरुवात. १९३२ पर्यंत १५ राज्यांत काम पोचलं. अट अशी की गावानेही वाटा उचलायचा आणि सरकारी शिक्षण मंडळानेही. आता हिशोब बघा: त्याने काढलेल्या रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे ४४ लाख डॉलर, कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख! बाकी मोठा भाग करातून आला.

सी-५०१: गरीब लोकांनी एवढे आणले कुठून?

बी-३०४: बहुतेक जण दुसऱ्याची जमीन कसणारे. कुणी कापसाचा एक तुकडा शाळेच्या नावाने पेरला, कुणी कोंबड्या विकल्या, बायकांनी जेवणाचे डबे लिलावात काढले. अलाबामातल्या एका सभेत गुलामगिरी पाहिलेला एक म्हातारा उठला आणि मळकट पिशवीतली जन्मभराची कमाई टेबलावर ओतली. ३८ डॉलर. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ई-४०१: काका, त्या शाळांचे नकाशे आम्हाला कॉलेजात दाखवले होते. टस्कीगीचे रॉबर्ट टेलर, स्वतः कृष्णवर्णीय आर्किटेक्ट, यांनी सुरुवातीचे नकाशे केले. वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची रांगच्या रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला. बाकं अशी लावायची की उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. फार विचार केलाय.

डी-२०३: काका, एक विचारते, राग मानू नका. हे लोक कर भरतच होते ना? मग शाळेसाठी पुन्हा वर्गणी का? आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. त्या भेदाला त्याने हात लावला नाही.

बी-३०४: ताई, अगदी मान्य. कर भरूनही त्यांच्या मुलांवर खर्च होत नव्हता, म्हणून हा दुहेरी भार. या शाळांचं श्रेय गावांनाच आधी द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

डी-२०३: पण एक गोष्ट त्याच्या बाजूनेही सांगते. फंडाच्या शिष्यवृत्त्या केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्यालाही मिळाल्या. काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या समोर ठेवून 'यातली छान कोणती?' असं ते मुलांना विचारत. बरीच कृष्णवर्णीय मुलं गोरी बाहुली उचलायची. वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्कच्या लेखनाचा दाखला दिला.

सी-५०१: कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनाही ती शिष्यवृत्ती होती ना? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिलं, तेच.

बी-३०४: हो, तेच! आणि हा फंड कायमचा ठेवू नका, माझ्यामागे २५ वर्षांत सगळा खर्च करा, अशी त्याची अट होती. तो १९३२ मध्ये गेला आणि १९४८ ला फंड बंदही झाला. शिकागोतल्या विज्ञान संग्रहालयाला लाखो डॉलर दिले, पण आपलं नाव लावू दिलं नाही.

ए-१०२: काका, रविवारी वाचनालयात मुलांना हे सांगाल का?

बी-३०४: सांगतो की. साडेपाचला. ताई, तुम्हीही या. कराचा मुद्दा तुम्हीच मांडा, मुलांना तो कळलाच पाहिजे.

डी-२०३: येते. बाहुल्याही घेऊन येते.