मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर मून क्लिपसाठी कापावं का?

महालकर
काल एका भाऊंनी इथे ठोकून दिलं: "मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर मून क्लिपसाठी कापून घ्या, रीलोड निम्म्या वेळात, तोटा शून्य." शून्य? डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितो. (मून क्लिप म्हणजे सगळी काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची चकती.)

वेग क्लिपमुळे येत नाही, आखूड पुंगळीमुळे येतो. .४५ एसीपी काडतुसाची पुंगळी ०.८९८ इंच. .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट, दोन्ही १.२८५. एजेक्टर रॉडचा (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचा) पल्ला तेवढा नसतो. रॉड पूर्ण दाबला तरी लांब पुंगळ्यांची तोंडं चेंबरमध्येच राहतात. त्यात सहाही एकाच चकतीत अडकलेल्या. एक फुगून चिकटली की अख्खा झुबका लटकतो. सुट्या असत्या तर पाच तरी पडल्या असत्या. .३५७ चे स्पर्धक क्लिपमध्ये ०.७६५ इंचाची .३८ शॉर्ट कोल्ट उगाच भरतात का?

धरमपेठ_६
झुबका लटकतो तो रॉड अंगठ्याने हळू ढकलल्यामुळे. नळी आभाळाकडे करा, तळहाताने एकच जोरदार फटका द्या. आणि मॅग्नमच कशाला पाहिजे? .४४ स्पेशल भरा, १.१६० इंच. सुट्या पुंगळीची रिम (बुडाची बाहेर आलेली कड) एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या, चांदणीखाली घुसली की सिलिंडर बंदही होत नाही आणि पुंगळी निघतही नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही तुमचं. क्लिपमध्ये ते होऊच शकत नाही. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये ६ गोळ्या, रीलोड, पुन्हा ६ गोळ्या २.९९ सेकंदांत मारल्या, त्या क्लिपवरच.

महालकर
मिक्युलेकची स्मिथ अँड वेसन ६२५ कारखान्यातूनच .४५ एसीपीची होती. धागा रूपांतराचा आहे, तुम्ही दाखला कशाचा देऊन राहिले?

इतवारी_गेज
दोघंही मूळ दुखणं सोडून भांडता. रिमवाल्या काडतुसात रिमच्या पुढची खाच प्रत्येक कंपनीची वेगळी. .४५ एसीपीला खोल खाच असते म्हणून तिथे ३५-४० थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दणकट क्लिप चालते. .३८/.३५७ ला २०-२५ थाऊचा पत्रा, नखाने वाकेल असा. एका कंपनीच्या पुंगळीला घट्ट बसणारी क्लिप दुसरीला ढिली. काडतुसं लोंबतात, सहा तोंडं सहा दिशांना, आणि सहा भोकांवर नेम धरत बसा. गेला तुमचा निम्मा वेळ.

क्लिप जरा वाकली की सिलिंडर घासतं, चाप जड होतो, घोड्याचा जोर घर्षणात जातो आणि प्रायमर फुटत नाही. निम्म्या क्लिपा पक्कडीने पुंगळ्या उपटताना वाकतात. त्याला खाच पाडलेली नळी मिळते, ती वापरा.

आणि हाफ-मून क्लिप (तीन काडतुसांची अर्धी चकती) १९१७ मध्ये आली ती वेगासाठी नव्हेच. अमेरिकेला पिस्तुलं कमी पडली, .४५ एसीपीला रिम नाही, एजेक्टरने पकडायचं काय? सुरुवातीच्या कोल्ट एम१९१७ चे चेंबर तर सरळ, क्लिपशिवाय काडतूस आत घसरायचं. लोक क्लिपला इतके कंटाळले की १९२० मध्ये पीटर्स या काडतूस कंपनीने ९० थाऊ रिमचं .४५ ऑटो रिम काढलं.

सक्करदरा_वेब्ली
काहून बाप्पा, इंग्रजांची .४५५ ची वेब्ली रिव्हॉल्व्हर विसरले का सगळे? बिजागरीवर मोडून उघडली की सहाही पुंगळ्या आपोआप बाहेर, रॉडबिड काही नाही. अमेरिकेत हजारोंनी मार्क सिक्स वेब्लींचं सिलिंडर मागच्या बाजूने तासून .४५ एसीपी केल्या, क्लिपवर मस्त चालतात. याहून चांगलं रूपांतर दाखवा.

इतवारी_गेज
याहून वाईट दाखवणं कठीण आहे. .४५५ चा दाब साधारण १३,००० पीएसआय, .४५ एसीपीची मर्यादा २१,०००. कारखान्याचं साधं .४५ एसीपी म्हणजे त्या सिलिंडरला रोजची प्रूफ टेस्ट (जादा दाबाची चाचणी). आज नाही फुटलं याचा अर्थ उद्या फुटणार नाही असा नाही. वेब्ली बंद ठेवणारी वरची कडी ढिली होत जाते ते वेगळंच.

सक्करदरा_वेब्ली
शंभर वर्षं चालून राहिल्या. पुस्तकी आकडे फेकू नका.

इतवारी_गेज
चालल्या त्यांचेच फोटो येतात, भाऊ. आणि .४५५ च्या वेब्लीला पहिल्या महायुद्धातच प्रिडोचा स्पीडलोडर (सहाही काडतुसं एकदम भरायचं साधन) होता. तासायची गरज काय?

धरमपेठ_६
वेब्लीवर वेगळा धागा काढा ना राजेहो.

हिंगणा_लेथ
कापायचं म्हणजे काय ते तरी समजून घ्या. सिलिंडरच्या मागच्या तोंडाचा मधला भाग क्लिपच्या जाडीइतका खाली जातो, एक्स्ट्रॅक्टरसकट. बाहेरची कड शाबूत ठेवायची, सुट्या काडतुसाची रिम तिच्यावर टेकते. कडेला टूल लागलं की हेडस्पेस (काडतुसाच्या बुडामागची नेमकी जागा) गेला. पोलादात थाऊ परत भरता येत नाही.

आणि हे लेथवाल्याचं कामच नव्हे. शस्त्र कायदा १९५९, कलम ५: दुरुस्ती आणि रूपांतर, दोन्हीला परवाना लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने सिलिंडरला हात लावू नये, "फक्त दहा मिनिटांचं काम" असलं तरी. वर सामान्य माणसाला आयात १९८० च्या दशकापासून बंद. विदेशी रिव्हॉल्व्हरचं सुटं सिलिंडर आणणार कुठून? २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची दोन शस्त्रं केली, त्यातलं एक तुम्ही प्रयोगाला काढता?

महालकर
त्यात आयएसएसएफच्या (ऑलिम्पिकवाल्या नेमबाजी संघटनेच्या) २५ मीटरला पाच-पाचच्या मालिका, भरायला एक मिनिट. घाई कोणाला आहे?

धरमपेठ_६
आयपीएससीवाल्यांना (घड्याळाविरुद्धची, धावपळीची नेमबाजी) आहे. बरं, एकुलती एक विदेशी रिव्हॉल्व्हर असेल तर कापू नये, घ्या, लिहून देतो. पण ६२५ किंवा ६२७ सारखी कारखान्यातूनच कापून आलेली असेल तर क्लिपला तोड नाही.

महालकर
म्हणजे जी कापावी लागत नाही ती कापावी. पटलं.

धरमपेठ_६
टोमणे ठेवा बाजूला. इतवारी, वाकलेली क्लिप घरी कशी ओळखायची?

इतवारी_गेज
रिकामी क्लिप सपाट काचेवर ठेवा, समोर बॅटरी धरा. खालून उजेड दिसला की भंगारात. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्याच जागी वाकते.