दादाच्या कमरेत उसण भरली, एमआरआय आत्ताच काढावा का?

कट्टेवाला_केज
मंडळी, सल्ला पाहिजे. सोमवारी सोयाबीनचा कट्टा ट्रॉलीत टाकताना आमच्या दादाची कंबर धरली. वय ४४. वाकता येईना, कूस बदलली की ओरडायलाय. डाव्या कुल्ल्यातून मांडीत चमक जाते. शेजारी म्हणायलेत मणक्यात गॅप असंल, एमआरआय काढा. आई पायाळू माणूस शोधायलीय. अंबाजोगाईला न्यावं का थेट लातूरला? बीपीची गोळी चालू आहे.

गंगाखेडचा_पोट्टा
लातूरला न्या. आणि एमआरआय आधीच काढून न्या, उगी दोन चकरा कशाला.

फिजिओताई_लातूर
पोट्ट्या, थांब जरा. पहिल्या आठवड्यात एमआरआयने बहुतेकांच्या उपचारात काहीच फरक पडत नाही. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांतही गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. मग दादांच्या फोटोत गादी फुगलेली दिसली, तर ती सोमवारची का दहा वर्षांपूर्वीची, कसं ओळखणार? धोक्याचं लक्षण नसेल तर साधारण सहा आठवडे थांबतात. एक्स-रेचंही तेच.

त्याआधी हे बघा आणि कळवा. लघवी तुंबते का, किंवा झालेली कळत नाही का? सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर वाटतो का? दोन्ही पाय लुळे पडायलेत का? यातलं एक जरी असलं तर ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. तिथं एमआरआय त्याच दिवशी लागतो. नसेवरचा दाब उशिरा काढला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

मग नसेची तपासणी. उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता दुसऱ्याने हळूहळू उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या मधे गुडघ्याच्या खाली सणक गेली तर नस दबल्याचा संशय घ्यायचा. नुसती कंबर दुखली किंवा मांडीमागे ताण बसला तर तो धरायचा नाही. टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, अंगठा वर उचलताना जोर लागतो का, हेही बघा. दुखतंय म्हणून जोर लावत नाही का खरंच जोर गेलाय, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

निवृत्त_सिस्टर
ताईंनी नसेचं सांगितलं, मी बाकीचं विचारते. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, पडून राहिलं तरी रात्री ठणका? आपल्याकडं मणक्याचा टीबी विसरून चालत नाही, आणि तो कट्टा उचलल्यामुळे होत नाही, गुपचूप वाढत जातो. पूर्वी कॅन्सर झालाय का, स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यात का? कळ बरगडीखालून जांघेत येत असेल तर मुतखडा बघा. आणि पायाळूला चहा पाजा, पण पाठीवर पाय ठेवू देऊ नका.

कट्टेवाला_केज
विचारलं. लघवी व्यवस्थित, बधिर कुठंच नाही. चमक गुडघ्याच्या वरच थांबते. टाचांवर चालला, शिव्या देत चालला. ताप नाही, वजन तेवढंच. टीबी, कॅन्सर, स्टेरॉईड यातलं काहीच नाही.

फिजिओताई_लातूर
मग हे स्नायू-सांध्याचं साधं दुखणं दिसतंय. तरी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजच्या अस्थिरोग ओपीडीत एकदा हात लावून तपासून घ्या, लातूर लागणार नाही. शेक द्या. अंथरुणाला खिळवू नका, सोसेल तेवढं घरात-अंगणात हिंडू द्या. बहुतेकांना काही आठवड्यांत बराच आराम पडतो.

गंगाखेडचा_पोट्टा
मग मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणली तर?

निवृत्त_सिस्टर
न विचारता नको. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर आणि पोटावर ताण येतो. केजवाले, बीपीच्या गोळीचं पाकीट खिशात टाकून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.