भुसा कारखान्याला द्यावा की गुरांना?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ सांवेर तालुक्यात आमची सोळा बिघे जमीन आहे; खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू घेतो. पीथमपूरच्या कारखान्यांतील बॉयलरांना सफेद कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, पुरवणारा एक व्यापारी यंदा सोयाबीनचा भुसा आणि गव्हाची नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली धाटे) दोन्ही मागतो आहे. औष्णिक वीज केंद्रांना २०२४-२५ पासून कोळशात ५ टक्के पेलेट (पिकांच्या अवशेषांच्या दाबलेल्या गोळ्या) मिसळण्याची सक्ती असल्याने मागणी वाढतच जाणार, असे तो सांगतो. नरवाई जाळली तर दोन एकरांखालच्या शेतकऱ्यालाही २५०० रुपये दंड आहे, म्हणून विकणे बरे वाटते. परंतु ज्यांच्या म्हशी आमच्या भुशावर जगतात, ती गावातली भूमिहीन कुटुंबे नाराज आहेत. काय करावे?

उत्तर १:
दादा, दोन्हींना एकाच मापाने मोजू नका. हार्वेस्टरमागे रीपर (उभी धाटे कापून भुसा करणारे यंत्र) फिरवला तर नरवाईचाच चांगला भुसा होतो. तो गावात राहू द्यावा. सोयाबीनचा भुसा राठ असतो आणि गुरे तो नाइलाजानेच खातात, तेव्हा विकायचा तर तो विकावा. मात्र सुटा भुसा वजनाला हलका आणि जागेला भारी असल्यामुळे ट्रॉलीचे भाडेच नफा खाते. शिवाय माल तीन-चार आठवड्यांत निघतो आणि बॉयलर वर्षभर चालतो. मधल्या काळातला पाऊस आणि आग यांची जोखीम कोणाची, हे आधी ठरवा. कोळसा स्वस्त झाला की हाच व्यापारी फोन उचलणार नाही, म्हणून भाव आणि माल उचलण्याची तारीख लिहून घ्या.

उत्तर २:
इंदूरच्या छावणी धान्य मंडीत बसणारा माणूस म्हणून एक गोष्ट जोडतो, कारण तुमचे खरे नुकसान भुशात नसून दाण्यात होण्याची शक्यता आहे. पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलचे लक्ष्य २०३० च्या आधीच गाठायचे ठरले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर बंधने येताच डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि मागे प्रथिनयुक्त चोथा उरतो; कोंबडीखाद्यवाले सोयापेंडीऐवजी तो स्वस्त चोथा घेतात. सोयाबीनच्या वजनात तेल जेमतेम १८ टक्के आणि बाकी बहुतेक पेंडच असल्याने पेंड पडली की सोयाबीनही पडते. २०२५-२६ साठी ५३२८ रुपये हमीभाव असूनही मंडीतला भाव खाली राहिला आणि राज्याला हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक भरून देणारी भावांतर योजना आणावी लागली, यामागे हेही एक कारण आहे. मका लावणाऱ्याला अर्थात हीच गोष्ट गोड लागेल.

उत्तर ३:
चाऱ्याला हात न लावता इंधन मिळवण्याचा मार्ग आपल्याच इंदूर शहरात आहे. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये रोज ५५० टन कचऱ्याच्या क्षमतेने सुरू झाला. तो चालतो तो घरोघरी कचरा वेगळा केला जातो म्हणून. त्या श्रमाचा हिशेब मात्र गॅसच्या दरात फारसा दिसत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नरवाईचा भुसा गावात ठेवून सोयाबीनचा विकायचे ठरवले आहे. रीपरचे भाडे आम्ही द्यायचे की भुसा नेणाऱ्यांनी, एवढाच वाद उरला आहे.