बाबांची पेटी लिलावात काढू की नको?

नौपाडाकरीण
बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची पेटी (हार्मोनियम) तेव्हापासून हॉलमध्ये सोफ्यामागे खोळ घालून ठेवलीय. साडेतीन सप्तकं, स्केल चेंजर, कपलर, सुरांच्या (म्हणजे आतल्या धातूच्या पात्यांच्या) तीन ओळी, त्यात एक खर्जाची. सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे, असं बाबा सांगायचे. पावती वगैरे काही नाही. मला वाजवता येत नाही, मुलगा गिटारवाला.

एका दुकानात नेऊन दाखवली. त्यांनी भाता दोनदा ओढला, एक पट्टी दाबली आणि म्हणाले, "सहा हजार. जुना माल आहे." तशीच नवी कितीला, असं विचारल्यावर त्याच माणसाने चाळीसच्या पुढचा आकडा सांगितला.

म्हणून वाद्यांच्या एका साइटवर सात दिवसांचा लिलाव लावायचा विचार आहे. काकांचा लगेच फोन: "बापाची पेटी बोली लावून विकणार? एखाद्या भजनी मंडळाला देऊन टाक." माझं म्हणणं असं की किंमत मला माहीत नाही, काकांना माहीत नाही, आणि दुकानदाराला माहीत असली तरी तो मला सांगणार नाही. मग ज्यांना ती हवी आहे त्यांनाच बोलू दे की. चुकतंय का माझं?

खर्जातला सा
चुकतंय. काका म्हणतात त्या कारणाने नाही, वेगळ्या.

लिलावात माणूस फोटोवर बोली लावतो. फोटोत पॉलिश दिसतं, पितळी खटके चमकतात. पेटीची किंमत मात्र भात्यात आणि सुरात असते. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी न दाबता सोडा. हळूहळू बसत गेला तर कातडं तरी गेलंय किंवा आतल्या पेटाऱ्याला फट आहे. मग प्रत्येक पट्टी एकेका ओळीवर वेगळी वाजवा. एखादा सूर उशिरा बोलतो, एखादा घशात अडकल्यासारखा. जुना सूर किती वेळा खरवडलाय तेही बघावं लागतं. सूर चढवायचा तर पातीच्या टोकाकडे घासतात, उतरवायचा तर मुळाकडे. दर दोन वर्षांनी हे केलं की पाती पातळ होते आणि एक दिवस तुटते. हे कुठल्या फोटोत दिसणार? म्हणजे ज्याला कळतं तो बोली लावणार नाही, आणि जो लावेल त्याला कळत नसेल. माझ्या मते ऐकून घेणाऱ्या वादकालाच द्या, ठरवलेल्या किमतीला.

अर्थमास्तर
खर्जातला सा, तुमचा फोटोचा मुद्दा पटला, शेवटचं वाक्य नाही. "ठरवलेली किंमत" ठरवणार कोण? ताईंचा प्रश्नच तो आहे.

ऑनलाइन लिलावात बहुतेक ठिकाणी तुम्ही तुमचा कमाल आकडा गुपचूप टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीने समोरच्यापेक्षा एक पायरी वर जाते. म्हणजे जिंकणाऱ्याला साधारण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच मोजावे लागतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरे यांनी १९६१ मध्ये अशाच लिलावाचा अभ्यास मांडला होता: दुसऱ्याच्या बोलीवर किंमत ठरत असेल तर स्वतःचा खरा आकडा सांगण्यातच शहाणपण. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. सहा हजारवाल्या दुकानदारासमोर तुम्ही एकट्या होतात. लिलावात दुकानदारासमोर दुसरा दुकानदार असतो, फरक एवढाच आहे.

ऐरोलीचा भजनी
दुसरा दुकानदार असला तर! मी गेल्या पावसाळ्यात अशीच एक पेटी बोलीत घेतली. दोघेच होतो बोली लावणारे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात दुसरा गृहस्थ उगवला, मी इरेला पेटलो आणि ठरवलेल्यापेक्षा चार हजार जास्त मोजले. ती कुरियरने आली तेव्हा खोकं ओलं, सात पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या. साइट म्हणते कुरियरला विचारा, कुरियर म्हणतो पॅकिंग तुमचं. शेवटी दुरुस्तीवाल्याकडे ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला मीच घेऊन गेलो, दुपारच्या गाडीत, मांडीवर. पेटी आता छान वाजते, पण लिलाव म्हटलं की मला ते ओलं खोकंच आठवतं.

अर्थमास्तर
शेवटच्या क्षणी उगवणाऱ्यांवर खरंच संशोधन झालंय. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी २००२ च्या लेखात ईबे आणि ॲमेझॉन या दोघांचे लिलाव ताडून पाहिले. ईबेवर ठरल्या वेळी दार बंद, म्हणून लोक शेवटच्या मिनिटाला झेपावायचे. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटाला बोली आली की वेळ वाढायची, तिथे हे प्रमाण खूपच कमी. ताई, वेळ वाढणारी साइट निवडा. आणि "याखाली विकणार नाही" हा आकडा टाकायची सोय आहे का तेही बघा. इरेला पेटणं मात्र कुठलीही साइट थांबवू शकत नाही, भजनीबुवा. हलके घ्या.

मुक्ता खारघर
काकांना पेटी हवी आहे का हो? नसेल तर त्यांच्या मताचे किती धरायचे? "मंडळाला दे" म्हणणारे सहसा स्वतःच्या घरातलं काही देत नाहीत.

खर्जातला सा
हे जरा जास्त झालं. वडिलांची बोटं त्या पट्ट्यांवर घासली गेलीत, पैशाची बोली ऐकवत नाही एखाद्याला. समजू शकतो.

मुक्ता खारघर
समजते मीही. पण फुकट दिलेलं वाद्य मंडळात कुठे असतं ते पाहिलंय. सतरंज्यांखाली. पैसे मोजून नेलेल्या पेटीला निदान खोळ तरी असते.

अवांतर: आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती. तेव्हाच्या मोठ्या लोकांच्या मते तिची किंमत शून्य. पेटीवाले वाजवत राहिले.

घोडबंदर एक्स्प्रेस
बोलीबिली राहू द्या, एक सांगतो. विकायला टाकलं की तासाभरात "मी लष्करात आहे, आत्ता पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" असा फोन येईल. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की तुमचे जाणार. आमच्या सोसायटीत एकाने कपाट विकताना अठरा हजार घालवले.

नौपाडाकरीण
सगळ्यांचे आभार, मुक्ताचे जरा जास्त.

काल रात्री खर्जातला सा यांनी सांगितलं तसं केलं. भाता भरून सोडला, बराच वेळ तसाच राहिला. खर्जाच्या ओळीतला एक सूर उशिरा बोलतो, आणि वरच्या सप्तकातला एक बोलतच नाही. बाबा असताना तो मुका होता की नंतर झाला, हेच आठवेना. अर्धा तास ते आठवत बसले, बाकी पट्ट्या राहिल्याच.

लिलाव लावतेय. खालचा आकडा पंधरा हजार, वेळ वाढणारी साइट. दोन्ही बिघडलेले सूर वर्णनात पहिल्याच ओळीत, आणि सगळ्या पट्ट्यांचा आवाज रेकॉर्ड करून टाकणार. कुरियर नाही, नौपाड्यातून स्वतः न्यायची. बोलीच्या आधी दोन संध्याकाळी घरी येऊन वाजवून बघता येईल. काकांना यातलं फक्त शेवटचं वाक्य सांगितलंय. "मग मीही येतो," म्हणाले.

खर्जातला सा
वाजवून बघू देणार असाल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा पंधरा हजाराला आहे. मुका सूर बदलायचा, दुसरा दुरुस्त करायचा, पुन्हा सगळी पेटी लावून घ्यायची. बारा टाका.

अर्थमास्तर
हे तुम्ही बोली लावणारे म्हणून सांगताय की सल्लागार म्हणून?

खर्जातला सा
शनिवारी संध्याकाळी येऊ का, ताई? पाऊस नसेल तरच. दमट हवेत पट्ट्या खोटं बोलतात.