सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, आता काय करू?

प्रश्न (सांगली):
मुतखड्याचा संशय होता म्हणून सोनोग्राफी केली. खडा नाही, पण ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलीय. वय ४४, वजन ७८ किलो, उंची ५ फूट ६ इंच. रक्ततपासणीत लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी ६२, एसजीओटी ३८, प्लेटलेट २ लाख ४० हजार. दारूला आयुष्यात शिवलो नाही, तरी घरचे संशयाने बघतायत, त्याचंच जास्त वाईट वाटतंय. एक जण लिव्हर साफ करणारा काढा देतो म्हणतोय. घेऊ का?

उत्तर १:
दादा, काढा घेऊ नका. गुळवेलीसारख्या ओळखीच्या वनस्पतीनेही लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईत आढळलेत.

दोन वर्षांपूर्वी मलाही हेच निघालं होतं. मीही न पिणारा. माझी चरबी चहातून आली होती. दुकानावर दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर नुसत्या चहातून. वर दुपारी उसाचा रस. जादा साखरेची लिव्हर चरबी करतं, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. गोळी त्यांनी एकही दिली नाही. चहा दोन कपांवर आणला, तोही बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. रात्रीचा भात बंद. एक ज्वारीची भाकरी, उसळ आणि वाटीभर काकडी. उपवासाची साबुदाणा खिचडी सोडली, आईला ते अजून पटलेलं नाही. रोज पाऊण तास भरभर चालणं. नऊ महिन्यांत ८२ वरून ७५ किलोवर आलो, एसजीपीटी ७१ वरून ३४ झालं.

तुम्ही चार किलो उतरवलेत तरी चरबी कमी व्हायला लागेल. सात-आठ किलो गेले तर लिव्हरची सूज असेल तीही ओसरते. पण घाई नको, आठवड्याला अर्धा किलो पुरे. उपाशी राहून वजन पाडलं तर लिव्हरला उलट त्रास होतो.

उत्तर २ (लॅबमध्ये काम करते):
ग्रेड म्हणजे चरबी किती दिसते तेवढंच. लिव्हर कडक होतंय का, ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी फिब-४ काढतात: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमचा आकडा साधारण ०.८८ येतो. १.३ च्या खाली असेल तर सहसा धोका कमी धरतात. तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि कावीळ बी-सी एकदा तपासून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ता:
कावीळ बी-सी निगेटिव्ह. एचबीए१सी मात्र ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बायकोला तुमचं चहाचं उत्तर वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, मीही येते. उद्या पहाटे दोघं आयर्विन पुलापर्यंत चालत जाणार आहोत.