मदत हवी आहे: कोरडा दिवस गावाला पटवायचा कसा?

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी रांजण, पिंपं भरलेली. डेंग्यू टाळायला आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, म्हणजे भांडी रिकामी करून घासा म्हटलं की बायका विचारतात, "मग पाणी तुम्ही आणून देणार का?" रास्तच आहे म्हणा! त्यात डास फक्त गटारात होतात ही समजूत पक्की. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, त्याची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेलाही महिनोन्महिने टिकतात, हे पोस्टरवर कोण वाचतंय? धूरफवारणी मात्र सगळ्यांना हवी.

घंटागाडीच्या भोंग्यावर वाजवायला मिनिटभराचा मजकूर आहे का कुणाकडे? वऱ्हाडीत असेल तर उत्तमच. पाणी न सांडता, नुसतं फडकं बांधून किंवा डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडून कुठे जमलंय का? "वापरायच्या पाण्यात मासे नको" म्हणणाऱ्यांना तुम्ही काय सांगता?