उकळीला विजेचं क्षेत्र: चिप गार ठेवायला उपयोगी, की नुसतं प्रयोगशाळेतलं खेळणं?

तापलेला_तवा
आंबोळीचा तवा तापला का ते बघायला आई पाणी शिंपडते. बेताचा तापलेला असला तर थेंब चर्रकन आटतो. जास्तच तापला असला तर तोच थेंब गोळी होऊन तव्यावर पळत सुटतो, कारण खालची वाफेची गादी उष्णता अडवते. उकळत्या द्रवाने यंत्र गार ठेवणाऱ्यांना धास्ती असते ती हीच. साध्या वातावरणीय दाबाला पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण 100 वॅट उष्णता उचलतं. त्यापुढे रेटलं की बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेचा पडदा होतो आणि पृष्ठभागाचं तापमान भडकतं. जपानच्या नुकियामांनी 1934 मध्ये उकळीचा आलेख काढला, तेव्हा त्यांची निक्रोमची तार अशीच जळाली होती.

द्रवात बुडालेल्या तापलेल्या पत्र्यासमोर धातूची जाळी धरून तिला काही हजार व्होल्ट द्या. तीव्र क्षेत्र द्रवाला आपल्याकडे ओढतं, वाफेला दूर ढकलतं. जाळीची रचना जमली तर बुडबुडे पत्र्यावर ठाण मांडत नाहीत आणि पडदा पडायला उशीर होतो. विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे वीज जवळजवळ फुकट! डेटा सेंटरवाल्यांनी हे आता मनावर घ्यायला हवं.

पॅनवाला
साखर कारखान्यात 28 वर्षं काढली. उसाच्या रसाला हे लावाल तर त्यातल्या क्षारांमुळे वीज सरळ आरपार वाहील, क्षेत्र टिकणारच नाही. वर पाणी फुटून हायड्रोजन सुटेल तो वेगळाच. आमचं खरं दुखणं रस आटवायच्या भांड्यातल्या नळ्यांवर बसणारा थर. बॉडी (आम्ही त्या भांड्याला तेच म्हणतो) बंद करायची, कॉस्टिक सोडा घालून उकळायचं, मग ब्रश मारायचे. त्यावर काही आहे का?

तापलेला_तवा
नाही काका, रसाला नाही चालणार. वीज न वाहणारे द्रव लागतात. उदाहरणार्थ एफसी-72 नावाचं फ्लोरिनयुक्त द्रव, जे 56 अंशांनाच उकळतं. चिप थेट त्यात बुडवता येते.

बिनतारी
आणि गाडी तिथेच अडते. एफसी-72 मुळात चौरस सेंटिमीटरला 15 वॅटच्या आसपासच दम टाकतं. क्षेत्र लावून दुप्पट केलंत तरी 30. पाण्याच्या निम्मंही नाही. शिवाय ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीनेच डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की असल्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं उत्पादन 2025 अखेर थांबवणार. ज्या द्रवाच्या जिवावर हे तंत्र, त्याचाच भरवसा नाही.

या कल्पनेचं पेटंट ब्रिटनमध्ये 1916 साली निघालं. शंभर वर्षांत तुमच्या-माझ्या घरच्या एसीपर्यंत का नाही पोचली? कारण पृष्ठभाग खरखरीत किंवा सच्छिद्र केला की उकळी सुधारते, तीही एक व्होल्ट न लावता. हजारो व्होल्टची जाळी सर्व्हरमध्ये ठेवून तिची देखभाल कोण करणार? वीज फुकट असेल हो, इन्सुलेशन फुकट नसतं.

तरंगता
तुम्ही दोघंही जमिनीवरूनच बोलताय. अंतराळात बुडबुडा वर जातच नाही, कारण तिथे ‘वर’ हा प्रकारच नाही. तो जागेवर फुगत राहतो. तिथे उत्प्लावक बलाचं, म्हणजे बुडबुड्याला वर ढकलण्याचं, काम विद्युतक्षेत्राकडून करून घेता येतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2019 मध्ये रुबी नावाचा प्रयोग गेला तो हेच तपासायला: एकेक बुडबुडा, त्याच्यावर क्षेत्र, आणि समोर कॅमेरा.

बिनतारी
अंतराळापुरतं मान्य. पण ऐरोलीच्या डेटा सेंटरात गुरुत्वाकर्षण आहे.

तापलेला_तवा
😄 बरं, पाण्याचं ऐका. एमआयटीच्या गटाने 2015 मध्ये पाण्यात साबणासारखा विद्युतभारित पदार्थ अगदी थोडा घातला आणि दोनेक व्होल्टच्या आत बुडबुडे हवे तेव्हा चालू-बंद करून दाखवले. व्होल्टेज बदललं की ते रेणू धातूला चिकटतात किंवा सुटतात. हजारो व्होल्ट नकोत, महागडं द्रव नको.

बिनतारी
ही युक्तीच वेगळी. यात क्षेत्र बुडबुड्याला ओढत-ढकलत नाही, पृष्ठभागाचा स्वभाव बदलतं. तुमच्या जाळीची वकिली यातून होत नाही. पण हे मला जास्त पटतं, खरं सांगायचं तर.

पॅनवाला
साबणासारखा पदार्थ म्हणालात, म्हणून विचारतो. फेस येतो का? आमच्याकडे फेस आला की रस वाफेबरोबर पुढे जातो आणि कंडेन्सरच्या पाण्यात साखर सापडते. मग रात्रपाळीवाल्याची बोलणी मलाच खावी लागतात. तेवढं आधी सांगा.